३१ ऑगस्टपर्यंत लायसन्स काढा, नाहीतर घरातलं थेट प्रसारण आणि आयप्लेयर बंद करा

ब्रिटनमध्ये अख्खं घर भाड्याने घेऊन त्यातल्या खोल्या आपल्या मराठी मुलामुलींना देणाऱ्या सगळ्यांना हा इशारा आहे. घर लेस्टरला असो, हाउन्स्लोला असो, नाहीतर ग्लासगोला. सप्टेंबरमध्ये नवे विद्यार्थी येतील. त्याआधी तुमच्या घरातला टीव्ही लायसन्सचा प्रश्न सुटलेला असला पाहिजे आणि तो सुटण्याचे मार्ग दोनच आहेत. लायसन्स काढा, किंवा ज्या गोष्टींना लायसन्स लागतं त्या घरात बंद करा. बंद म्हणजे खरोखर बंद. "आमच्याकडे तसं कोणी बघत नाही हो" हे उत्तर मी यापुढे ऐकून घेणार नाही.

२००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टचं कलम ३६३ एकदा वाचा. विनालायसन्स टीव्ही पाहणारा गुन्हेगार, एवढ्यावर ते थांबत नाही. टीव्ही ज्याच्या ताब्यात आहे आणि दुसरं कोणी तो लायसन्सशिवाय वापरणार आहे हे ज्याला माहीत आहे, किंवा तसं मानायला ज्याच्याकडे सबळ कारण आहे, तोसुद्धा त्याच गुन्ह्यात येतो. हॉलमधला मोठा टीव्ही तुमचा आहे. फायरस्टिक तुम्ही लावलेली आहे. त्यावर आयप्लेयर उघडा आहे, आणि संध्याकाळी हॉलमधून आवाज येतो तेव्हा तुम्ही घरातच असता. "पोरं काय बघतात ते मला काय माहीत" असं म्हणून सुटू, या भ्रमात राहू नका.

लायसन्स कशाला लागतं, याबद्दल आपल्या लोकांत फार घोळ आहे. बरेच जण मुद्दाम तो तसाच ठेवतात, म्हणून स्पष्ट लिहिते. कुठलंही चॅनल, कुठल्याही देशाचं, प्रसारण चालू असताना पाहिलं किंवा रेकॉर्ड केलं तर लायसन्स लागतं. मग ते टीव्हीवर पाहा, लॅपटॉपवर पाहा, नाहीतर फोनवर. शिवाय बीबीसी आयप्लेयरवरचे बीबीसीचे कार्यक्रम पाहायला किंवा डाउनलोड करायला १ सप्टेंबर २०१६ पासून लायसन्स लागतं, मागचे असले तरी. नेटफ्लिक्सवरचा सिनेमा, यूट्यूबवरचे साधे व्हिडिओ, आयटीव्हीएक्स किंवा चॅनल फोरवर सवडीने पाहिलेला भाग, यांना लागत नाही.

आता हे आपल्या घरांत लावून पाहा. पुण्यात आई ज्या क्षणी झी मराठीवर मालिका पाहते आहे, त्याच क्षणी तुम्ही ते चॅनल एखाद्या ॲपवर थेट लावलं तर लायसन्स हवं. तोच भाग रात्री जेवणानंतर मागून उघडला तर नको. मराठी बातम्यांची चॅनलं यूट्यूबवर चोवीस तास थेट चालू असतात. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी ती अख्ख्या घरात लावून ठेवलेली असतात, आणि यूट्यूब फुकट आहे म्हणून कोणाला शंकाही येत नाही. प्राइमवरचा थेट फुटबॉल सामना आणि नेटफ्लिक्सवरची थेट कुस्ती यांनाही लायसन्स लागतं. तुम्ही त्या कंपन्यांना महिन्याचे पैसे भरता, त्याचा इथे काही संबंध नाही. वर्षाचे रोख पैसे घेऊन सगळी भारतीय चॅनलं दाखवणारे चोरीचे बॉक्स तर आजच्या आज घराबाहेर काढा. त्यांच्याबाबतीत लायसन्स ही दुसरी भानगड आहे, पहिली भानगड चोरीचीच आहे.

मला राग येतो तो याचा की भोगतं भलतंच कोणी. लायसन्सचा तपासणी अधिकारी दुपारी येतो तेव्हा दार कोण उघडतं? घर ज्याच्या नावावर आहे तो कामावर असतो. उघडते ती रात्रपाळी करून आलेली विद्यार्थिनी, किंवा नवऱ्याच्या व्हिसावर नुकतीच आलेली मुलगी. अधिकारी सभ्यपणे बोलतो, सूचना वाचून दाखवतो, प्रश्न विचारतो, उत्तरं लिहून घेतो आणि खाली सही मागतो. ती पाहुण्याशी बोलावं तसं खरं खरं सांगते आणि सही करते. खटला उभा राहतो तो त्याच कागदावर. इंग्लंड आणि वेल्समध्ये या गुन्ह्यात दोषी ठरणाऱ्या दर दहा जणांत सात किंवा त्याहून जास्त स्त्रिया असतात. हे प्रमाण इतकं उघडं आहे की २०१७ मध्ये बीबीसीला त्याचा अहवाल काढावा लागला. दिवसा घरी असणं आणि दार उघडून बोलायला तयार होणं ही त्यामागची मोठी कारणं आहेत. तुमच्या हॉलमधल्या टीव्हीसाठी तुमच्या भाडेकरू मुलीने आरोपी व्हायचं, हे मला मान्य नाही.

पुढे काय होतं तेही ऐका. २०१५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये असे खटले एकच मॅजिस्ट्रेट, बंद खोलीत, नुसत्या कागदांवर चालवतो. नोटीस पोस्टाने येते आणि उत्तर द्यायला २१ दिवस मिळतात. तोपर्यंत मुलगी तुमची खोली सोडून दुसऱ्या घरी गेलेली असते आणि नोटीस तुमच्या दाराआड जाहिरातींच्या ढिगात पडून राहते. उत्तर गेलं नाही तरी निकाल लागतो. दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो, वर खटल्याचा खर्च वेगळा. तुरुंग या गुन्ह्याला नाही. दंड भरायचं टाळलं तर तीही वेळ येऊ शकते. पण आपल्या मुलांना दंडापेक्षा मोठी भीती दुसरीच असायला हवी. व्हिसाच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जात शिक्षेबद्दल प्रश्न असतो आणि त्याचं खरं उत्तर द्यावं लागतं. घरदार गहाण ठेवून इथे आलेल्या मुलाच्या अर्जात ती ओळ तुमच्यामुळे यावी का?

आणखी एक गैरसमज घरोघरी सांगितला जातो: विद्यार्थ्यांना सूट असते. सूट आहे, पण कोणाला? ज्याच्या आईवडिलांच्या घराला ब्रिटनचं लायसन्स आहे अशा विद्यार्थ्याला, तेही उपकरण स्वतःच्या बॅटरीवर चालत असेल आणि विजेला किंवा अँटेनाला जोडलेलं नसेल तरच. ज्याचे आईवडील कोथरूडला किंवा सांगलीला राहतात त्याला ती लागू होत नाही. एक लायसन्स अख्ख्या घराला पुरतं, हेही अर्धंच खरं. सगळ्यांचा मिळून एक करार असेल तर पुरतं. तुम्ही खोलीगणिक वेगळा करार करून वेगळं भाडं घेत असाल, तर स्वतःच्या खोलीत थेट कार्यक्रम पाहणाऱ्या प्रत्येकाला आपापलं लायसन्स लागतं. भाडं घेताना खोल्या वेगळ्या आणि कायद्याच्या वेळी घर एक, असं चालणार नाही.

आता बंद करण्याचं काम. हे अर्ध्या दिवसाचं आहे आणि ते तुम्हीच करायचं आहे, मुलांवर ढकलायचं नाही. अँटेनाची वायर भिंतीतून काढा, टीव्हीत साठवलेली चॅनलं पुसून टाका. टीव्हीवरून आणि फायरस्टिकवरून आयप्लेयर काढून टाका. काही टीव्हींवर ते निघतच नाही, तिथे ॲपला पिन लावा आणि पिन कोणालाही देऊ नका. नव्या टीव्हींवर फ्रीली असतं. ते अँटेनाशिवाय, नुसत्या ब्रॉडबँडवर थेट चॅनलं दाखवतं. वायर काढली म्हणजे झालं, असं समजणारे नेमके तिथे फसतात. प्राइममधला थेट चॅनलांचा भागही विसरू नका. तुमचं बीबीसीचं खातं कोणत्या उपकरणांवर उघडं राहिलंय ते पाहा आणि सगळीकडून बाहेर पडा. "तुमच्याकडे लायसन्स आहे का" असा प्रश्न आयप्लेयर विचारतं आणि "हो" म्हटलं की पुढे जाऊ देतं. ती काही अडवणूक नव्हे. तिथे "हो" दाबणारा खोटं बोलतो आहे, एवढंच.

राउटरवर आयप्लेयर अडवायला गेलात तर एक अडचण येते, तिची तयारी ठेवा. वेबसाइटवरचं आयप्लेयर बीबीसीच्याच पत्त्याच्या पोटात आहे. राउटरला फक्त पत्ता दिसतो, आतलं पान दिसत नाही. त्यामुळे पत्ता अडवला की बीबीसीच्या बातम्या, हवामान, मुलांच्या अभ्यासाची पानं, सगळंच जातं. माझं मत विचाराल तर लायसन्स नसलेल्या घरात तेवढं गेलं तरी चालेल. बातम्यांना दुसऱ्या जागा आहेत. कोणाला बीबीसीची पानं घालवायचीच नसतील तर निदान टीव्ही आणि स्टिक यांच्यापुरता तो पत्ता अडवा आणि लॅपटॉपबद्दल प्रत्येकाकडून लेखी घ्या. फोन मोबाइल डेटावर गेला की राउटर काही करू शकत नाही, तिथे लेखी कबुलीच कामाची. करारात एक ओळ घाला: या घराला लायसन्स नाही, थेट प्रसारण आणि आयप्लेयर पाहणार नाही. ती ओळ मराठीतही लिहा आणि सही घेण्याआधी समोर बसून समजावून सांगा.

क्रिकेटवेड्यांनी तक्रार करू नये. रेडिओचं लायसन्स या देशाने १९७१ मध्येच रद्द केलं. बीबीसी साउंड्सवर कसोटीचं समालोचन कितीही ऐका, कोणी काही विचारणार नाही.

हे सगळं मी लायसन्सबद्दल घरी येणाऱ्या लाल अक्षरांतल्या पत्रांना घाबरून लिहीत नाही. ज्या घरात खरंच काही पाहिलं जात नाही, त्यांनी त्या पत्रांनी झोप उडवून घेऊ नये. तपासणी अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय घरात शिरण्याचा अधिकार नाही. त्याला आत घेणं किंवा त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणं बंधनकारक नाही, आणि हे घरातल्या प्रत्येक मुलीला माहीत असलं पाहिजे. लायसन्स लागत नाही असं कळवण्याची सोयही आहे. पण टीव्हीवर आयप्लेयर चालू ठेवून ते कळवणं म्हणजे सरळ फसवणूक. ज्यांना पाहायचंच आहे त्यांनी पैसे भरा. एप्रिल २०२५ मध्ये फी १७४.५० पौंड झाली. एकत्र करार असलेल्या घरात पाच जणांनी वाटून घेतली तर माणशी वर्षाला पस्तीस पौंडांच्या आसपास येते. हप्त्यांनीही भरता येते. खोलीमागे महिन्याला शेकड्यांनी पौंड घेणाऱ्याने ही रक्कम परवडत नाही असं मला सांगू नये.

पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून येणाऱ्या मुलांचे आईवडील मला घरांचे पत्ते विचारतात आणि मी तुमचे पत्ते देत आले. माझ्या शब्दावर ते मुलगी तुमच्या घरी पाठवतात. म्हणून ही मुदत. ३१ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत प्रत्येक घराने दोहोंपैकी एक गोष्ट माझ्याकडे पोहोचवावी: चालू लायसन्सची प्रत, किंवा अँटेना, ॲप आणि खाती बंद केल्याचं सहीनिशी पत्र आणि त्यासोबत प्रत्येक भाडेकरूची लेखी कबुली. अर्धं काम झालंय, बाकीचं दिवाळीनंतर, असं चालणार नाही. १ सप्टेंबरला ज्या घराचा कागद माझ्या हातात नसेल, त्या घराचा पत्ता मी कोणालाही देणार नाही. कोणी त्या घराबद्दल विचारलं तर का देत नाही ते स्पष्ट सांगेन, तुमच्या ओळखीच्यांनाही सांगेन. आणि तुमच्या घरात आधीच राहणाऱ्या मुलांना त्याच दिवशी फोन करून दुसरी खोली शोधायला मदत करेन.