विमानातून न दिसणारी अट

लेव्हिटटाउनचे विमानातून घेतलेले जुने छायाचित्र मुलांना दाखवले की आम्हाला हमखास विचारले जाते, ‘‘सर, यातलं आपलं घर ओळखायचं कसं?’’ प्रश्न रास्त आहे. वळणदार गल्ल्या, तीच छपरे, तेवढेच अंगण, आणि दारात काडीएवढी झाडे.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील बटाट्याच्या शेतांत १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिट कंपनीने १७ हजारांहून अधिक घरे उभी केली. तळघर खोदायचेच नाही. थेट जमिनीवर काँक्रीट ओतायचे. लाकूड आधीच मापात कापलेले. एक टोळी फक्त रंग देई, दुसरी फक्त फरशी बसवी. कारखान्यात माल पुढे सरकतो आणि कामगार जागेवर असतो, इथे घर जागेवर आणि कामगार पुढे सरकत. जोर असताना दिवसाला ३० घरे पूर्ण होत. महायुद्धातून परतलेला शिपाई सरकारी हमीच्या कर्जावर असे घर घेऊ शकत होता. ही साधी गोष्ट नव्हे, हे आधी मान्य करू.

पण करारनाम्यात एक अट होती: गोऱ्या वंशाखेरीज कोणी इथे राहायचे नाही; घरकामाचे नोकर तेवढे चालतील! कंपनीचे मालक स्वतः ज्यू, म्हणजे अशा अटींची झळ सोसलेल्या समाजातले. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांमार्फत लागू करता येणार नाहीत, असा निकाल दिला. कागदावरची अट गेली, तरी कंपनी काळ्यांना घर विकायला तयार नव्हती. नाव सांगताच ‘जागा गेली’ असे ऐकलेल्या आपल्या वाचकांना ही तऱ्हा समजावून सांगायला नको.

पुढे पेनसिल्व्हेनियातही लेव्हिटटाउन झाले. १९५७ च्या ऑगस्टमध्ये तिथे विल्यम आणि डेझी मायर्स हे काळे दांपत्य मुलांसह राहायला आले. घर त्यांनी कंपनीकडून नव्हे, आधीच्या मालकाकडून घेतले. विल्यम स्वतः युद्धावर जाऊन आलेले. रोज संध्याकाळी दारापुढे जमाव जमू लागला, दगड आले, खिडकीची काच फुटली. राज्याचे पोलीस बोलवावे लागले. शेजारच्या ज्यू कुटुंबाने मात्र त्यांची साथ सोडली नाही. त्यांनाही त्रास झाला. शेजाऱ्याचा हक्क आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. त्या घराने तो दगड झेलून अदा केला.

मायर्स कुटुंब काही वर्षे तिथेच राहिले. वंश पाहून घर नाकारण्यास बंदी करणारा कायदा अमेरिकेत १९६८ मध्ये आला.