गुप्ततेला नाणे कशाला?

धुळ्याच्या एका अभ्यासवर्गात एका तरुण साथीने मला अडवले. त्याचे म्हणणे असे : सरकार आज कोणाच्याही संदेशात डोकावू शकते, म्हणून ज्याला मालक नाही, मुख्यालय नाही, असे संगणकांचे विकेंद्रित जाळे हेच आजचे भूमिगत कार्य होय, आणि त्या जाळ्याचे क्रिप्टो टोकन विकत घेणे हा त्या कार्याला हातभार होय. विकेंद्रीकरण हा आम्हा समाजवाद्यांच्या नित्य वापरातला शब्द. तो या दुकानाच्या पाटीवर पाहून साथींची गल्लत व्हावी हे स्वाभाविक आहे; पण गल्लत ती गल्लतच.

या जाळ्यात संदेशावर सांकेतिक लिपीचे थर चढवून तो अनेकांच्या खाजगी संगणकांतून फिरवितात. पाठविणारा कोण आणि घेणारा कोण, या दोन्ही गोष्टी वाटेतील कोणत्याही एका संगणकाला कळत नाहीत. ही करामत खरी आहे आणि पत्रकाराला, कार्यकर्त्याला उपयोगीही आहे. परंतु 'टॉर' नावाचे जाळे हेच काम २००२ पासून स्वयंसेवकांच्या संगणकांवर करीत आले आहे. त्यासाठी त्याला स्वतःचे नाणे पाडावे लागले नाही. मग हे नाणे आले कोठून? ते गुप्ततेच्या गरजेतून आलेले नाही, सट्ट्याच्या गरजेतून आले आहे. प्रवर्तकांनी टोकनांचा मोठा वाटा आपल्याकडे ठेवावयाचा, उरलेला बाजारात सोडावयाचा आणि भाव चढला की अंग काढून घ्यावयाचे, हा या धंद्याचा परिचित क्रम आहे.

महाराष्ट्राने तो पाहिला आहे. 'गेनबिटकॉइन' योजनेने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखविले आणि पुढे बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' हे घरचेच टोकन लोकांच्या हाती ठेवले. सूत्रधार अमित भारद्वाज याला २०१८ साली पुणे पोलिसांनी अटक केली, २०२२ साली तो वारला, आणि तपास पुढे सीबीआयकडे गेला.

"म्हणूनच तर सरकारचे नियम हवेत," असे कोणी म्हणेल. नियम हवेतच, पण कोणावर? २८ एप्रिल २०२२ च्या 'सर्ट-इन'च्या आदेशाने व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते व इतर तपशील पाच वर्षे जपून ठेवावयाचे ठरले. काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलविले आणि मोकळ्या झाल्या. विकेंद्रित जाळ्यात तर 'पुरविणारा' कोण हेच सांगता येत नाही. टोकन काढणारा दूरच्या करमुक्त बेटावर. सापडेल तो भुसावळचा विद्यार्थी, ज्याने चार टोकनांच्या आशेने घरचा संगणक जाळ्याला जोडला आणि परक्याचा संदेश ज्याच्या पत्त्यावरून बाहेर पडला. त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर, तोट्याची वजावट नाही, विक्रीवर १ टक्का उद्गम करकपात. मार्च २०२३ पासून क्रिप्टोचे व्यवहार करून देणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग कायद्याखाली आल्या, हे योग्यच झाले. पण तेथेही ओळखपत्र मागितले जाते ते घेणाऱ्याचे. टोकन छापणाऱ्याने काय छापले, हे विचारणारा खिडकीवर कोणी नाही.

जळगावकरांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. बीएचआर पतसंस्था रीतसर मल्टिस्टेट कायद्याखाली नोंदलेली होती. ठेवी अडकल्या, संचालक तुरुंगात गेले, अवसायक आला, आणि २०२० मध्ये त्या अवसायकाच्या कारभाराचीच चौकशी करण्याची पाळी आली. कागद तपासले गेले. पैसा कोठे चालला आहे हे वेळेवर कोणी पाहिले नाही.

आणि गुप्ततेचा एवढा तिटकारा असलेल्या याच सरकारने २०१८ मध्ये निवडणूक रोखे काढून कंपन्यांच्या देणग्यांना कायदेशीर बुरखा दिला! १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फाडला. ज्या न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क ठरविला, त्यालाच हे करावे लागले. नागरिक पारदर्शक आणि भांडवल अपारदर्शक, असा हा उफराटा न्याय आहे.

आपली मागणी याच्या उलट असली पाहिजे. टोकन विकणाऱ्याने येथे जबाबदार माणूस नेमावा, स्वतःकडील वाटा जाहीर करावा, ठराविक मुदतीपर्यंत तो विकू नये; आणि कोणाचा संदेश कोठून कोठे गेला याची नोंद मात्र न्यायालयाच्या हुकुमाशिवाय कोणी मागू नये. धुळ्याच्या त्या साथीला मी एवढेच विचारले की, तू घ्यावयास निघालास त्या टोकनांपैकी किती प्रवर्तकांच्या खिशात आहेत. शोधून कळवितो, म्हणाला. अद्याप कळविलेले नाही.