विमा गाडीचा, नोंद कुणाचीच नाही

एक हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला ३,४१६ रुपयांना मिळतो, जीएसटी वेगळा. १ जून २०२२ पासून लागू झालेला हा दर केंद्र सरकार ठरवते आणि ठरवताना फक्त इंजिन किती सीसीचे आहे एवढेच बघते. स्टिअरिंगवर कोण बसणार, याच्याशी त्याला घेणेदेणे नाही. काल लायसन हातात पडलेल्या संगमनेरच्या पोराला आणि वीस वर्षे नगर-पुणे रस्त्यावर गाडीला ओरखडाही न काढलेल्या माणसाला हप्ता एकच. वरवर पाहता हा समभाव चांगलाच म्हणायचा, कारण नवख्या चालकावर त्याचा बोजा पडत नाही. त्या वीस वर्षांच्या अनुभवी माणसाला मात्र याची किंमत देश सोडल्यावर कळते. टोरंटोत किंवा स्टुटगार्टमध्ये विमा घ्यायला गेला की तिथली कंपनी गाडीइतकेच खोदून चालकाविषयी विचारते: किती वर्षे चालवता, किती क्लेम केले, पुरावा काय? त्याच्याकडे उत्तर असते, कागद नसतो. मग त्याला अठरा वर्षांच्या शिकाऊ मुलाशेजारी बसवले जाते आणि हप्ताही तसाच लावला जातो. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावर चर्चा झडते ती परदेशी कंपन्या कशा लुटतात याची. कंपन्या काही धर्मादाय संस्था नाहीत, हे खरेच. पण या दुखण्याचा निम्म्याहून मोठा भाग आपल्या घरचा आहे. आपण चालकाची नोंदच ठेवत नाही आणि जी इथे-तिथे विखुरलेली आहे, ती मागितल्यावर एका कागदावर देत नाही.

बाहेरची रीत आधी पाहू. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात भारतीय लायसनची थेट अदलाबदल होत नाही. टप्प्याटप्प्याने लायसन देण्याची तिथली पद्धत आहे. मात्र दोन वर्षांहून अधिक अनुभव अधिकृत कागदाने सिद्ध केला, तर मधले टप्पे न चढता शेवटची परीक्षा देता येते. तो कागद मूळ लायसन देणाऱ्या कार्यालयाकडून किंवा वकिलातीकडून आलेला लागतो. एजंटाने टाइप करून दिलेले पत्र चालत नाही. जर्मनीत आपले लायसन वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने चालते, मग लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा पुन्हा. ब्रिटनमध्ये ही सवलत बारा महिन्यांची. हा लायसनचा भाग झाला. विम्याचा हिशेब निराळा. जर्मनीत क्लेमविना गेलेल्या प्रत्येक वर्षागणिक चालक एक पायरी वर सरकतो आणि हप्ता उतरत जातो. या पायऱ्यांना तिथे एसएफ श्रेणी म्हणतात. नवा माणूस तळाच्या पायरीवर उभा राहतो, कारण त्याच्या मागच्या वर्षांची साक्ष द्यायला कोणी नसते. युरोपीय संघातल्या माणसाची ही अडचण कायद्यानेच सोडवली आहे. विमेदाराने मागितल्यास निदान मागच्या पाच वर्षांच्या क्लेमचे निवेदन कंपनीने पंधरा दिवसांत द्यायचे, असे तिथला मोटार विमा निर्देश सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीने त्या निवेदनाचा नमुनाही सगळीकडे एकच केला. वॉर्साहून बर्लिनला गेलेला चालक हा कागद खिशात घालून जातो. नगरहून गेलेल्याचा खिसा रिकामा.

आता आपल्या पॉलिसीकडे वळू. आपल्याकडे चांगल्या चालकाला मिळणारी नेहमीची पावती म्हणजे नो क्लेम बोनस, बोलीभाषेत एनसीबी. क्लेमविना पहिले वर्ष गेले की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के सूट. ही सूट थर्ड पार्टीच्या हप्त्यावर मिळत नाही, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी जो हप्ता भरतो त्यावर मिळते. म्हणजे तो हप्ता दहा हजार असेल तर पाच हजारांवर येतो. एक क्लेम केला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. लोकांना सहसा ठाऊक नसते ते हे की एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकताना तो सोबत देऊन टाकायचा नसतो. कंपनीकडून तसे पत्र घेतले तर तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीला लावता येतो. कितीतरी जण परदेशी जाण्याआधी घाईघाईत गाडी विकतात, आरसी बुकावर सह्या करतात आणि पाच वर्षांत कमावलेली सूट तिथेच सोडून जातात. ते पत्र घेतले असते तर परदेशातही तेवढाच एक अधिकृत पुरावा हाताशी राहिला असता.

पण मुळात एनसीबी हा मालकाचा दाखला आहे, चालकाचा नाही, आणि खरी गोम इथे आहे. आपल्या खासगी पॉलिसीच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत चालकाविषयीचे कलम असते. विमेदारासह वैध लायसन असलेली कोणतीही व्यक्ती ही गाडी चालवू शकते, असा त्याचा मथितार्थ. सोयीचे कलम आहे, कारण भाचा आला, मित्र आला, कोणीही चावी घेतो. परदेशात घरातल्या प्रत्येक चालकाचे नाव पॉलिसीवर लिहिण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आपल्याकडे तशी नाही. परिणाम काय होतो ते पाहा. गाडी वडिलांच्या नावावर, कारण कर्ज त्यांच्या नावावर. दहा वर्षे चालवतो मुलगा: राहुरीच्या विद्यापीठात, शिर्डीला पाहुणे घेऊन, मध्यरात्री पुण्याच्या विमानतळावर. एनसीबी जमतो वडिलांच्या खात्यात आणि मुलगा कॅनडात उतरतो तो कोऱ्या पाटीने. पत्नीची गत तर आणखी वाईट. नवऱ्याच्या व्हिसावर जाणाऱ्या कितीतरी बायका इथे रोज मुलांना शाळेत सोडत, बाजारहाट करत गाडी चालवत असतात. कागदावर त्यांनी कधी चाकाला हात लावलेला नसतो. आणि पगारी ड्रायव्हरचे काय? दुधाचा टँकर पंधरा वर्षे सुखरूप नेणाऱ्याची पुण्याई टँकरच्या मालकाच्या हप्त्यात वजा होते. ड्रायव्हरला त्यातले काहीच मिळत नाही, नोकरी बदलली तर साधे पत्रसुद्धा नाही.

या बाबतीत एसटी आपल्या खासगी व्यवस्थेपेक्षा शहाणी निघाली. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली ती नगरहून पुण्याला, हे नगरकर अभिमानाने सांगतात. त्याच महामंडळात विनाअपघात सेवेची वर्षे मोजली जातात आणि अशा चालकांचे सत्कार होतात. कोण किती वर्षे धक्का न लावता चालवतो हे मोजता येते, मोजण्यासारखे असते, हे एका सरकारी उपक्रमाला कळते. विमा व्यवस्थेच्या ते अजून अंगवळणी पडलेले नाही. नगरच्याच व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेत गाड्यांच्या चाचण्या होतात आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांत तिला वाहन तपासणीची मान्यता आहे. गाडीची परीक्षा घेण्यात आपण पटाईत, चालकाची परीक्षा मात्र आरटीओत एकदा झाली की झाली.

माहिती नाही म्हणून चालकाची नोंद होत नाही, असे कुणी म्हणेल तर ते खरे नाही. लायसनची नोंद सारथी प्रणालीत आहे, गाडीची वाहन प्रणालीत, दंडाची ई-चलानमध्ये. पॉलिसी आणि क्लेमची माहिती विमा माहिती ब्युरोकडे जमा होते. ही संस्था विमा नियामकाने २००९ मध्ये उभी केली. लायसनचा अधिकृत उतारा देण्याची सोयही सारथीवर आहे. एमएच-१६ चे नगर कार्यालय असो वा एमएच-१७ चे श्रीरामपूर, अर्ज करता येतो. गंमत म्हणजे परदेशी निघालेली मंडळी हा उतारा सोडून हजार रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवाना घेतात आणि काम झाले असे समजतात. तो परवाना वर्षभर गाडी चालवायची मुभा देतो, अनुभवाचा दाखला देत नाही. उताऱ्यात लायसन पहिल्यांदा कधी मिळाले ते कळते, क्लेमची एक ओळही नसते. क्लेमची माहिती कंपनीकडे, तीही मालकाच्या नावाने. या तीन-चार तुकड्यांना एकत्र शिवणारा दोरा तेवढा नाही.

नियामकाला चालकाची आठवण याआधी झाली होती, पण तेव्हा ती दंडापुरती. जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या कार्यगटाने सुचवले की वाहतूक नियम मोडणाऱ्यांना गुण द्यावेत आणि त्यानुसार जादा हप्ता लावावा. सुरुवात दिल्ली परिसरात करावी. दारू पिऊन चालवले तर शंभर गुण, चुकीच्या जागी गाडी लावली तर दहा. कल्पना वाईट नव्हती, अपुरी होती. वाईट चालकाची नोंद करणारी यंत्रणा चांगल्याचीही करू शकते, हा विचार तिथे मागे पडला. याउलट १९८८ साली, आपला मोटार वाहन कायदा संमत झाला त्याच वर्षी, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १०३ मंजूर केले. मोटार विम्याचा दर प्रामुख्याने चालकाचा इतिहास, वर्षाकाठी चालवलेले अंतर आणि अनुभवाची वर्षे यांवर, आणि याच क्रमाने ठरावा, असे त्यात आहे.

यावर आक्षेप बरेच येतील, त्यांतला सर्वांत वजनदार आपल्या सवयींचा आहे. नगरच्या माळीवाड्यात बंपर घासला, दोन-तीन हजारांत जागेवर मिटले. असा अपघात कुठल्याच नोंदीत जात नाही. मग क्लेम नाही म्हणजे अपघात नाही, असे कसे मानायचे? शिवाय संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातली निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावतात. अशा देशाच्या दाखल्यावर परदेशी कंपनीने का विसंबावे? प्रश्न रास्त आहे. पण सूट टिकवण्यासाठी किरकोळ नुकसान खिशातून भरणे ही नगरची खासियत नाही, जिथे जिथे क्लेममुक्त सूट आहे तिथले लोक हेच करतात आणि तरीही तिथल्या कंपन्या त्या नोंदीवर हप्ते ठरवतात. अपुरी नोंदही काहीच नसण्यापेक्षा बरी. विम्याविना धावणाऱ्या वाहनांचा मुद्दा तर माझ्याच बाजूने आहे. विमा न काढणाऱ्याला आज भीती आहे ती पहिल्या वेळच्या दोन हजार रुपये दंडाची, तीही चौकात पोलीस उभा असेल तर. विमा काढला की आपल्या नावावर काही जमा होते आणि ते पुढे उपयोगी पडते, असे दिसले तर दुचाकीवाल्या तरुणालाही कागद नियमित ठेवण्याचे कारण मिळेल.

दुसरा आक्षेप रस्त्यांचा. डावीकडून चालवणारा माणूस उजवीकडच्या वाहतुकीत, बर्फात, ताशी १३० च्या वेगात नवखाच असतो. मान्य. म्हणूनच दहा वर्षांच्या अनुभवाला दहा वर्षांचीच सूट द्या, अशी मागणी कोणी करू नये. पण ज्याने गळीत हंगामात रात्री दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीमागून, नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे चुकवत गाडी काढली आहे, तो आणि ज्याने काल पहिल्यांदा क्लच दाबला तो, हे दोघे एकाच पंक्तीत बसत नाहीत. दोन-तीन वर्षे धरली तरी हप्त्यात मोठा फरक पडेल. आपण स्वतः हे तत्त्व कधीच मानले आहे. आपल्या जुन्या मोटार टॅरिफच्या नियमांत परदेशात मिळवलेला नो क्लेम बोनस पुराव्यानिशी, तीन वर्षांच्या आत, भारतात लावून द्यायची तरतूद होती. लंडनहून परतलेल्याचा कागद आपण वाचायचा आणि नगरहून जाणाऱ्याला कागदच द्यायचा नाही, हे उलटे झाले.

खोट्या कागदांची भीती आणि खासगीपणाची चिंता, दोन्ही खऱ्या आहेत, पण दोन्हींचे उत्तर एकच: हा दाखला फक्त चालकाच्या स्वतःच्या मागणीवर निघावा, डिजिलॉकरमधून, पडताळता येणाऱ्या क्यूआर कोडसह. एजंटाच्या लेटरहेडवरच्या पत्राला परदेशी कंपनी नाक मुरडते यात तिची चूक नाही.

हे परदेशी जाणाऱ्या मूठभरांचे लाड आहेत, असेही म्हटले जाईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिका आणि इलेक्ट्रिशियन यांच्याबरोबर चालकही आहेत, आणि चालक म्हणून जाणारा मुलगा श्रीमंत घरातला नसतो. त्याला जर्मन भाषा शिकवण्याची सोय सरकारने योजली, मग त्याच्या दहा वर्षांच्या कामाचा दाखला देणे ही सरकारचीच जबाबदारी ठरते. नियामकाने सुरुवात दोन साध्या गोष्टींनी करावी. पॉलिसीवर मालकाखेरीज नेहमीच्या चालकांची नावे लिहायची सोय ठेवावी, सक्ती नको. आणि पाच वर्षांचे क्लेम निवेदन पंधरा दिवसांत, इंग्रजीत, ठरलेल्या नमुन्यात देणे प्रत्येक कंपनीला बंधनकारक करावे. परिवहन विभागाने सारथीच्या उताऱ्याला हे निवेदन जोडावे. तोवर जाणाऱ्याने विमान धरण्याआधी चार गोष्टी पदरात पाडून घ्याव्यात: आरटीओचा उतारा, कंपनीच्या लेटरहेडवर एनसीबीचे पत्र, मागच्या पाच वर्षांच्या पॉलिसींच्या पीडीएफ, आणि गाडी वडिलांच्या नावावर असेल तर निदान पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी आपले नाव चालक म्हणून लिहून घेता येते का, याची कंपनीकडे लेखी विचारणा.