‘आपले नही जमाव’ म्हणण्याआधी हिशेब मांडा

सुरतेत लिंबायत, उधना, दिंडोली, पांडेसरा, कुठेही जा. खान्देशातून आलेल्या घरांतली पोरं एक वाक्य फार सहज बोलून जातात : ‘आपले नही जमाव, भाऊ.’ परीक्षेचा फॉर्म भरायचा असो, मुलाखतीला जायचं असो, बँकेत कर्जाची चौकशी करायची असो, पहिलं वाक्य हेच. बेळगाव, निपाणी, बिदर, उंबरगावकडचे मित्रही हेच आपापल्या बोलीत बोलतात. म्हणून हा लेख सुरतेवरून लिहिला असला तरी तो सगळ्या सीमाभागातल्या तरुण मित्रमैत्रिणींसाठी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ‘जमणार नाही’ हा निकाल आहे, आणि आपण तो हिशेब न मांडताच देऊन टाकतो. हिशेब मांडायचा तर दोन रकाने लागतात. एकात लिहायचं, मला काय काय येतं. दुसऱ्यात लिहायचं, बाहेरून मला काय अडवतंय. आपण पहिला रकाना कोरा ठेवतो, दुसऱ्या रकान्यातलं सगळं स्वतःच्या नावावर चढवतो आणि खाली बेरीज लिहितो : मीच कमी.

पहिल्या रकान्यापासून सुरुवात करू. त्यात सगळ्यात वर भाषा. सुरतेतल्या आपल्या मुलाच्या घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती, कारखान्यात हिंदी. अठराव्या वर्षी चार भाषा तोंडात असतात. पण बायोडेटा भरताना हाच मुलगा ‘हिंदी, थोडी इंग्रजी’ एवढंच लिहितो. मी मुलांना अर्ज भरायला मदत करतो, तेव्हा विचारतो, अहिराणी का नाही लिहिली? गुजराती का नाही लिहिली? उत्तर ठरलेलं असतं : ‘अहिराणी काय भाषा आहे का, सर? आणि गुजराती तर नुसती बोलण्यापुरती.’

हे उत्तर त्याचं स्वतःचं नाही. पुण्याकडचे नातेवाईक म्हणतात, याची मराठी गावठी. इथले ओळखीचे म्हणतात, याच्या गुजरातीत मराठी हेल येतो. दोन्हीकडे लोक त्याच्याकडे काय नाही तेवढंच मोजतात, आणि ऐकून ऐकून तोही तसंच मोजायला शिकतो.

आता वस्तुस्थिती बघा. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खान्देशीला वेगळी जागा दिलेली आहे. तो खंड १९०७ साली छापला गेला. २०११च्या जनगणनेत अहिराणी धरून खान्देशी ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजली गेली, आणि ती आपली मातृभाषा म्हणून सांगणारे १८ लाखांहून जास्त निघाले. म्हणजे ज्या बोलीला आपण ‘बिघडलेली मराठी’ म्हणत आलो, तिला भाषेचे अभ्यासक आणि सरकार दोघंही तसं म्हणत नाहीत. अजून एक गंमत पाहा. मराठीत ‘तुझं नाव काय आहे’, अहिराणीत ‘तुनं नाव काय शे’, गुजरातीत ‘तारुं नाम शुं छे’. तो ‘शे’ आणि तो ‘छे’ कानाला किती जवळचे वाटतात! अहिराणी बोलणारं पोर सुरतेत आल्यावर सहा महिन्यांत भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करायला लागतं, त्याचं कारण त्याच्या घरातच आहे. ज्याची लाज वाटते तीच त्याची पायरी झालेली असते.

न मोजलेल्या कुवतीचं सगळ्यात मोठं उदाहरण तर खान्देशानंच दिलंय. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या ओव्या रचत राहिल्या, त्याही गावच्या बोलीत. घरातल्यांनी त्या उतरवून ठेवल्या, मुलगा सोपानदेव यांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ साली संग्रह निघाला. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या होत्या. कविता आधीपासून होतीच, बाकीच्यांना ती दिसायला उशीर झाला.

भाषेनंतर हाताचं काम. सुरतेच्या लूम कारखान्यातला कारागीर एकाच वेळी अनेक मागांवर नजर ठेवतो. शेकडो धाग्यांतला नेमका कोणता तुटला हे त्याला आवाजातल्या फरकावरून आणि कापडावरच्या रेघेवरून कळतं. धागा सांधून माग परत चालू करायला त्याला काही क्षण पुरतात, कारण पगार मीटरवर आहे आणि माग थांबला की कमाई थांबते. घरी आई किंवा वहिनी साड्यांचे धागे कापते, लेस लावते, खडे चिकटवते. किती नग आले, किती गेले, किती परत आले, नगाला काय भाव आणि शेठकडे किती बाकी, हा महिन्याभराचा हिशेब ती तोंडी सांगते. या कामांचं मला गोडवे गाऊन कौतुक करायचं नाही. बारा बारा तासांच्या पाळ्या आणि नगावर मिळणारी तुटपुंजी मजुरी हा अन्यायच आहे. पण त्या कामात बारीक लक्ष आहे, वेग आहे, हिशेब आहे. ज्या घरात ही कामं रोज होतात, त्या घरातलं पोर ‘आमच्याकडे कुणाला डोकं नाही’ म्हणतं, तेव्हा ते चुकीची माहिती देत असतं.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली याच विषयावर एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला : ‘हे काम मी करू शकतो’ हा भरवसा माणसात येतो कुठून? त्यानं चार वाटा सांगितल्या. स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला ते करताना पाहणं, कुणीतरी धीर देणं, आणि आपल्या शरीराची व मनाची त्या वेळची अवस्था. यात सगळ्यात पक्की वाट पहिली. म्हणजे आरशासमोर उभं राहून ‘मी करू शकतो’ असं शंभर वेळा म्हटल्यानं जे होत नाही, ते एक लहान काम शेवटपर्यंत नेल्यानं होतं. मोबाईलवर प्रेरणेची भाषणं ऐकून रात्री अंगात आलेलं बळ सकाळपर्यंत उतरतं, ते यामुळेच.

दुसरी वाटही नीट समजून घ्या, कारण तिथे आपली गल्लत होते. सुरतेत कर्तबगार खान्देशी माणसाचं नाव विचारलं की लोक सी. आर. पाटलांचं घेतात. जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकराऊतला जन्म, पोलीस कॉन्स्टेबलची नोकरी, नवसारीचे खासदार, २०१९ला देशातलं सर्वाधिक म्हणजे ६ लाख ८९ हजारांचं मताधिक्य, पुढच्या वर्षी गुजरात भाजपचे अध्यक्ष, २०२४ला केंद्रात जलशक्ती मंत्री. त्यांचं राजकारण पटो न पटो, मराठी मुलखातला माणूस इथे परका म्हणून अडून राहतोच असं नाही, एवढं त्यावरून सिद्ध होतं. पण इतकं मोठं नाव ऐकून दिंडोलीतल्या मुलीला आपलं काय जमेल याचा अंदाज येत नाही. तिला तो येतो तिच्याच गल्लीतली, तिच्याच शाळेतली एखादी ताई नर्सिंगला लागते तेव्हा. म्हणून तुमच्यापैकी ज्यांचं थोडंफार जमलंय त्यांना माझी विनंती आहे : गल्लीत दिसा. फॉर्म कसा भरला, किती वेळा नापास झालात, फी कुठून आणली, ते खालच्या वर्गातल्या पोरांना सांगा. गल्लीतल्या ताईची ही माहिती व्यासपीठावरच्या सत्कारापेक्षा जास्त उपयोगी पडते.

आता दुसरा रकाना. इथे मी फार स्पष्ट बोलणार आहे, कारण ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ हे वाक्य पुष्कळदा खरी अडचण झाकायला वापरलं जातं.

एक उदाहरण घ्या. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा मराठीतूनही होते. पण मराठी प्रश्नपुस्तिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच देतात. गुजरातेतल्या केंद्रांवर इंग्रजी, हिंदी, उर्दू आणि गुजराती. मग सुरतेतल्या मराठी माध्यमाच्या मुलानं काय करायचं? एक तर परक्या माध्यमातून पेपर सोडवायचा, नाही तर केंद्र म्हणून महाराष्ट्रातलं शहर निवडून आदल्या दिवशी ताप्ती लाईनची गाडी पकडायची, मुक्कामाचा खर्च सोसायचा. यात त्याच्या बुद्धीचा दोष कुठे आला? हा नियम आहे, आणि नियम माणसांनी केलेला असतो.

दुसरं उदाहरण शाळेचं. सुरत महापालिका गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी यांच्याबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. ही लहान गोष्ट नाही, आणि तिचं श्रेय या शहराला द्यायला हवं. पण वरच्या वर्गात गेलं की मराठीची वाट अरुंद होते. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच मुलांना दहावीच्या तोंडावर माध्यम बदलावं लागलं. त्या वर्षी मार्क घसरतात आणि घरचे म्हणतात, ‘याचं डोकंच चालत नाही.’ डोकं तेच होतं, पुस्तकाची भाषा बदलली होती.

अशा मुलांसाठी राज्यघटनेत तरतूद आहे. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद ३५०-क आणि ३५०-ख आले. पहिल्यात भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानं करावा, असं म्हटलंय. दुसऱ्यानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमायची सोय केली. आपण गुजरातेत असू, कर्नाटकात असू, हा आधार आपलाही आहे. मागणी करणं म्हणजे उपकार मागणं नाही, आणि गुजराती किंवा कन्नडला विरोध करणंही नाही. गुजराती आपल्याला शिकायचीच आहे, उत्तम शिकायची आहे.

काही दारं उघडलीही आहेत, ती माहीत असू द्या. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची कॉन्स्टेबल भरतीची लेखी परीक्षा २०२४पासून हिंदी-इंग्रजीशिवाय मराठी, गुजराती, कन्नडसह १३ भारतीय भाषांमधून होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. हे सगळं मराठी माणसं, तमिळ माणसं, वेगवेगळ्या भाषांचे लोक वर्षानुवर्षं मागत राहिले म्हणून झालं. ‘आपले नही जमाव’ म्हणून ते गप्प बसले असते, तर आज फॉर्मवर तो पर्यायच नसता.

तर या आठवड्यात एक काम करा. वहीचं एक पान घ्या, मधोमध रेघ मारा. डाव्या बाजूला, तुम्हाला जे येतं ते सगळं लिहा. बोली लिहा, माग चालवता येतो ते लिहा, दुकानाचा हिशेब सांभाळता ते लिहा, धाकट्या बहिणीला गणित शिकवता ते लिहा. उजव्या बाजूला, जे अडवतंय ते लिहा : फी, माध्यम, केंद्र, दाखला, लांबचा प्रवास. डावीकडचं एखादं कौशल्य निवडून त्यावर महिन्याभरात पुरं होईल असं एकच काम ठरवा आणि ते पुरं करा. कौशल्य ‘येतं’ आणि इंग्रजी ‘कच्चं’ असं असेल, तर ‘कच्चं’ हा शब्द उजवीकडे ढकलू नका. तो कष्टानं बदलणारा भाग आहे, त्याला डावीकडेच, खालच्या ओळीत ठेवा.

आणि उजव्या बाजूची यादी आम्हाला पाठवा. एकट्यानं सांगितलेली अडचण कार्यालयात रडगाणं ठरते. दोनशे मुलांनी, आपापल्या गावाच्या आणि इयत्तेच्या नोंदीसह, तीच अडचण लिहून दिली की तिचं निवेदन होतं. नीटच्या मराठी केंद्राचा प्रश्न आपण इथूनच सुरू करू. सुरतेतून नीट देणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलामुलींनी पहिलं लिहावं.