थिसिसची फाईल अडखळते? नवा फोन घेण्याआधी हे वाचा

शंभर रील्स सरसर सरकतात, पण २०० पानांची फाईल उघडली की तोच फोन धापा टाकायला लागतो. बोट फिरवलं की पांढरं पान दिसतं, मग दोन सेकंदांनी अक्षरं उमटतात. थिसिस किंवा कादंबरी लिहिणारे बरेच जण इथे एकच निष्कर्ष काढतात: रॅम कमी पडतेय, नवा फोन घ्या.

सध्या हा निष्कर्ष महाग पडतो. एआय डेटा सेंटर्सची मेमरी चिपची भूक इतकी वाढली आहे की २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. त्यातल्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. जाहिरातीतल्या ‘८+८ जीबी’लाही भुलू नका. त्यातले दुसरे ८ जीबी म्हणजे स्टोरेजचाच तुकडा असतो आणि तो खऱ्या रॅमपेक्षा बराच संथ चालतो.

म्हणून माझं मत असं, की आधी फाईल सुधारा, फोनचं नंतर बघू.

मुळात अडतं कुठे?

रील्स आधीच तयार असतात, ॲप फक्त पुढची आणून दाखवतं. डॉक्युमेंटचं तसं नसतं. १८० वं पान कुठे सुरू होणार हे आधीच्या १७९ पानांवर ठरतं. दहाव्या पानावर एक फोटो टाकला की पुढचा मजकूर खाली सरकतो आणि सॉफ्टवेअरला पुन्हा हिशोब करावा लागतो.

त्यात आपली देवनागरी. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये ते क, हलन्त आणि ष असे तीन कोड असतात. ‘कि’मधली वेलांटी साठवली जाते क नंतर, दाखवायची मात्र आधी. ही जुळणी प्रत्येक ओळीला करावी लागते. एका पानाला ते काहीच नाही, पण शेकडो पानं पुन्हा मांडताना थोडी भर पडतेच.

कंपन्यांनाही हा प्रश्न माहीत आहे. गुगल डॉक्सने २०२१ मध्ये वेब आवृत्तीसाठी जाहीर केलं, की पान ब्राउझरच्या एचटीएमएलवर न सोडता कॅनव्हासवर स्वतः रंगवायचं. वेग वाढावा हा त्यामागचा एक हेतू होता. तरी मर्यादा आहेच: एका डॉक्समध्ये १०.२ लाख कॅरेक्टर. काना, मात्रा, स्पेस हेही कॅरेक्टरच. शब्दामागे सरासरी सात धरले, तर एक लाख शब्दांची कादंबरी सात लाखांवर जाते.

मग करायचं काय?

ओळखीच्या लोकांच्या मोठ्या फायली मी नीट करून देतो, तेव्हा याच क्रमाने जातो:

१. पानांचा देखावा बंद करा. फोनवर डॉक्स ॲपमध्ये तीन टिंबांच्या मेनूतून ‘प्रिंट लेआउट’ बंद करा. वर्ड ॲपमध्ये ‘मोबाईल व्ह्यू’ घ्या, लॅपटॉपवर ‘ड्राफ्ट’ व्ह्यू.

२. फोटो शेवटी टाका. लिहिताना त्या जागी फक्त ‘फोटो ३ इथे’ असं लिहून ठेवा. कॅमेऱ्यातला मूळ फोटो जसाच्या तसा चिकटवू नका, आधी लहान करा.

३. प्रकरणागणिक वेगळी फाईल. नावं ०१, ०२ अशी द्या म्हणजे क्रम लागतो. सगळं एकत्र जोडणं अगदी शेवटी. गुगलने २०२४ मध्ये डॉक्समध्ये टॅब आणले, मांडणीला ते छान आहेत, पण फाईल एकच राहते.

४. जुन्या दुरुस्त्या मिटवा. गाईडने ट्रॅक चेंजेसमध्ये केलेले शेकडो बदल फाईल जड करतात. एक कॉपी बाजूला ठेवा, मग मान्य असलेले बदल ॲक्सेप्ट करून टाका.

५. स्क्रोल करूच नका. प्रकरणांच्या नावांना ‘हेडिंग’ स्टाईल द्या. मग डॉक्सच्या आउटलाइनमधून किंवा वर्डच्या नेव्हिगेशन पेनमधून थेट उडी मारता येते.

प्रश्न फक्त वैतागाचा नाही

फाईल अडकली की आपण घाईने बोटं मारतो. भलताच परिच्छेद सिलेक्ट होतो, वर एखादी की दाबली जाते आणि पान रिकामं. स्क्रीन उशिरा हलत असल्यामुळे ते लक्षातही येत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री हे झालं तर महिन्यांची मेहनत पणाला लागते. म्हणून अडकली की हात बाजूला, हिशोब संपू द्या. काही उडालंच तर डॉक्सच्या ‘व्हर्जन हिस्ट्री’त आधीची प्रत सापडते, पण दर आठवड्याला एक कॉपी दुसरीकडे ठेवाच.

एवढं करूनही एका प्रकरणाची, फोटो नसलेली फाईल अडखळत असेल, तर मात्र फोन थकला असं खुशाल समजा.