अरण्य निर्मनुष्य कधी होते?

गुरुकुंज मोझरीला जाणारा प्रत्येक जण त्या नावातील 'गुरू' जाणतो. 'कुंज' या शब्दाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. कुंज म्हणजे वृक्षवेलींनी वेढलेली, माणसाच्या वावराने प्रसन्न झालेली जागा. रामदिघी, गोंदोडा येथील रानांत साधना केलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापन केला आणि आयुष्य वेचले ते ग्रामोद्धारासाठी. रान आणि गाव या दोन्हींचा संस्कार त्या एकाच जीवनात सामावला होता.

याच अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस पसरलेल्या मेळघाटाची चर्चा मात्र नेहमी रान विरुद्ध गाव अशीच होते. 'अस्पर्श अरण्य' आणि त्यात 'घुसलेला' माणूस, हे चित्र आपल्या सुशिक्षित मनात पक्के रुजले आहे. ते कितपत खरे आहे?

सातपुड्याच्या कुशीत, अमरावती व बैतुल जिल्ह्यांच्या सीमेवर धारूळ परिसरात, २००७ साली अमरावतीच्या निसर्ग अभ्यासकांना चित्रांकित शैलाश्रय आढळले. त्या भिंतींवर वन्य पशू रेखाटणारा माणूस या रानाचाच रहिवासी होता. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे सुमारे २७०० वर्षांपूर्वीची लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली. भट्टीला कोळसा लागतो आणि कोळशाला रान. गाविलगड व नरनाळा हे तर मेळघाटाच्या माथ्यावरील नांदते दुर्ग. तटबंदी, तलाव, शिबंदी, गुरेढोरे, लाकूडफाटा या साऱ्यांचा भार शतकानुशतके याच डोंगरांनी वाहिला. घनदाट जंगलात एकाएकी जुनी चिंच किंवा आमराई दिसली, तर जाणता माणूस तेथे उजाड गावठाणाच्या खुणा शोधतो. चिंच हा वृक्ष मूळचा आफ्रिकेतील; तो या रानात आला तो माणसाच्याच सोबतीने. कोरकू शेतकरी रान साफ करतानाही मोह राखतो. अशा राखण्यातूनही अरण्याचे रूप घडत गेले.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनचे जंगल जगात अस्पर्श म्हणून गाजले. तेथेही प्राचीन वस्त्यांनी कोळसा, हाडे व खरकटे मिसळून घडविलेली काळी सुपीक माती आज अभ्यासकांना ठिकठिकाणी आढळते.

मग निर्मनुष्य अरण्याची कल्पना आली कोठून? १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६४ साली वनखाते स्थापन झाले, १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलांची पकड घट्ट झाली. रेल्वेला स्लीपर हवे होते, सरकारला महसूल. सागाला मान मिळाला. कोरकूंची फिरती शेती गुन्ह्यासमान ठरली. खाली सपाटीवर कापसाने रान गिळले, वर डोंगरात साग सरकारजमा झाला. ज्या अरण्याला आज आपण 'नैसर्गिक' म्हणतो, त्यावर या हिशेबी वनव्यवस्थापनाचा ठसा आहे.

याचा अर्थ माणसाने रानाचे कधी नुकसान केले नाही, असा नव्हे. वणवे, चराई, चोरटी तोड यांचे घाव खरेच आहेत. वाघाला निर्धास्त क्षेत्र हवे, हेही खरे. १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, तो आपल्या अभिमानाचा विषय आहे. परंतु या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे हलविल्यानंतर काय घडले, ते पाहावे. पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेल्या त्यांच्या शेतांवर कुरणे उभी राहिली आणि तेथे तृणभक्षी चरू लागले. ज्या मोकळ्या माळावर पर्यटक हरखून सांबर पाहतो, तो कोरकूच्या घामाने मोकळा झालेला आहे. त्याला 'अतिक्रमक' म्हणण्यापूर्वी एवढे तरी स्मरावे. पुनर्वसन करायचे तर ते त्याच्या खऱ्या संमतीने, आणि दिलेला शब्द पाळूनच झाले पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसितांपैकी काही कुटुंबे जुन्या जागी परतली आणि संघर्ष झाला, ही घटना विसरण्याजोगी नाही.

दुसरी वाटही याच जिल्ह्यात आहे. अचलपूर तालुक्यातील पायविहीर गावाला २००६ च्या वनाधिकार कायद्यान्वये सामूहिक हक्क मिळाला. गावकऱ्यांनी उजाड डोंगर राखला, श्रमदान केले, सीताफळाला बाजार मिळवून दिला. २०१४ साली या गावाचा जैवविविधता पुरस्काराने राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. माणसाने उजाड केलेले रान माणूसच पुन्हा उभे करू शकतो, याचा हा धडधडीत दाखला आहे.

ज्या भूमीत अरण्य हे तपाचे, शिक्षणाचे आणि वानप्रस्थाचे स्थान मानले गेले, देवराईला कुऱ्हाड न लावण्याचा दंडक पाळला गेला, तेथे वन आणि वनवासी यांची ताटातूट हे संरक्षण कसे ठरेल? चिखलदऱ्याला सहलीस जाणाऱ्या कुटुंबांनी थंड हवेबरोबर हा प्रश्नही घरी आणावा. वृक्षारोपणाच्या छायाचित्रापेक्षा एखाद्या ग्रामसभेच्या पाठीशी वर्षभर उभे राहणे अधिक मोलाचे आहे. कुंज आपोआप उभे राहत नाही. ते कोणीतरी राखावे लागते. मेळघाटात ते राखणारे हात आजही आहेत. त्यांना रानाबाहेर ढकलायचे की रानाच्या राखणीत मानाने सामील करून घ्यायचे, हे आपल्याला ठरवायचे आहे.