दवंड्याची हिल

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थ्याने माझ्या टेबलावर तळहाताएवढा एक धातूचा पत्रा आणून ठेवला. कडा मुडपलेल्या, एका बाजूला रिव्हेटांची ओळीने पडलेली भोके, आणि वजन इतके कमी की उचलताना हात फसावा. "सर, विमानाचा तुकडा आहे," तो म्हणाला. जुन्नरकडच्या डोंगरांत पडलेल्या विमानाचे अवशेष शोधायला निघालेल्या एका गटाबरोबर तो गेला होता. भिवंडीहून कल्याण, मुरबाड, माळशेज असा प्रवास, पुढे चिखलातली पायपीट, आणि परतताना प्रत्येकाच्या पाठपिशवीत एकेक 'आठवण'.

त्या पत्र्यावरून प्राध्यापक-कक्षात वाद झाला आणि दोन पक्ष पडले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मते हा सारा प्रकार अभद्र आहे; जिथे माणसे जळून मेली तिथे सहलीला जाणे म्हणजे संवेदनशीलतेचे दिवाळे. दुसरा पक्ष तरुणांचा. त्यांच्या मते गडकिल्ल्यांवर आता गर्दी फार झाली. हा एक 'हटके' ट्रेक आहे, त्यात थरार आहे, आणि कुणाचे काही बिघडत नाही. प्रस्तुत लेखकाला हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत. का, ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

आधी घटना. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, अलिटालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान मुंबईला उतरण्याच्या बेतात असताना सह्याद्रीच्या एका डोंगराला धडकले. सिडनीहून रोमकडे निघालेले हे विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होते. ९४ माणसे होती. एकही वाचले नाही. आपण मुंबईच्या आहोत त्यापेक्षा अधिक जवळ आलो आहोत, असा वैमानिकाचा समज झाला आणि विमान वेळेआधीच खाली आणले गेले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. दुय्यम कारणांत आणखी एक कारण नोंदले गेले: मार्गावरच्या भूप्रदेशाशी वैमानिकाचा परिचय नसणे. हे कारण वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

इंग्रजी नोंदींत या अपघातस्थळाचे नाव 'दवंड्याची हिल' असे येते. मराठीच्या अध्यापकाला इथे थबकावेच लागते. 'ची' हा षष्ठीचा प्रत्यय आहे. कुणीतरी कुणाला तरी मराठीत काही सांगितले: दवंड्याची टेकडी, दवंड्याची धार, दवंड्याची नाळ, असे काहीतरी. ऐकणाऱ्याला मराठी येत नसावे. त्याने पुढचे स्त्रीलिंगी नाम टाकून दिले, प्रत्ययासह विशेषण उचलले, आणि त्याला 'हिल' जोडले. हा माझा तर्क आहे, पण व्याकरण माझ्या बाजूने आहे. मूळ नाव दवंड्या की दावंड्या, हेही रोमन लिपीतून नेमके परत काढता येत नाही. ज्या स्थानिक माणसाने ते नाव उच्चारले त्याचा त्या नोंदींत उरलेला अवशेष म्हणजे हा एक प्रत्यय. विमानाच्या पत्र्याइतकाच तोही अवशेषच. फक्त तो शोधायला कुणी ट्रेक काढत नाही.

आता पहिल्या पक्षाकडे वळू. मृत्यूच्या जागी जाणे अभद्र, हे म्हणणे ऐकायला उदात्त वाटते. पण ते म्हणणारे आपण कोण? गो. नी. दांडेकरांपासून आजवर दुर्गभ्रमणाचे केवढे गद्य आपण अभिमानाने शिकवतो! ज्या तटांवर माणसे कापली गेली, ज्या कड्यांवरून लोटली गेली, तिथे बसून आपण शिदोरी सोडतो आणि सूर्यास्तावर परिच्छेद लिहितो. मराठी इतिहाससंशोधनाच्या उभारणीत मानाचे स्थान असलेला राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला, तोही पानिपताकडे नेणाऱ्या आणि पानिपतात संपणाऱ्या वर्षांचा. म्हणजे अरिष्टाच्या खुणा वेचणे हे आपल्या परंपरेला परके नाही. मग तीन शतकांपूर्वीचे मरण इतिहास आणि साठ वर्षांपूर्वीचे मरण अभद्र, हा भेद कुठून आला? कायदाही नेमका असाच विचार करतो. आपल्याकडे एखादी वस्तू पुरावस्तू ठरायला शंभर वर्षे व्हावी लागतात; हस्तलिखितांना पंच्याहत्तर पुरतात. या हिशेबाने त्या डोंगरावरचा पत्रा २०६२ सालापर्यंत केवळ भंगार आहे. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे समजू शकते. संस्कृतीच्या अभ्यासकांनी तीच रेघ मुकाट्याने आपली मानावी, हे समजत नाही.

शिवाय या शोधांनी कुणाचे भलेच झाले नाही, असेही नाही. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहकडे निघालेले वायुसेनेचे एएन-१२ विमान १०२ जणांसह बेपत्ता झाले. ३५ वर्षांनी, २००३ साली, हिमाचलातील ढाका हिमनदीवर गिर्यारोहकांना त्याचे अवशेष दिसले. तिथून पुढे शोधमोहिमा निघत राहिल्या, आणि २०२४ साली आणखी चार मृतदेह हाती आले. छप्पन्न वर्षांनी त्या चार घरांत अंत्यसंस्कार झाले. त्या घरांना 'अभद्र' हा शब्द ऐकवण्याचे धैर्य माझ्या सहकाऱ्यांना होईल काय?

येथवर वाचून तरुण पक्ष सुखावला असेल, तर त्याने जरा थांबावे.

या गटांची प्रवासवर्णने मी आवर्जून वाचली. सगळ्यांत तेच शब्द: दुर्गम, अज्ञात, गूढ, थरारक. अज्ञात कुणाला? ज्यांच्या अंगणातून वाट पुसत हे वीर वर चढतात त्या वाडीतल्या लोकांना तो डोंगर अज्ञात नाही. पण त्या लोकांना या वर्णनांत एवढेच स्थान असते की 'एका मामांनी वाट दाखवली'. मामांना त्या रात्रीविषयी काही ऐकून ठाऊक आहे का, त्यांचे वडील वर गेले होते का, त्या डोंगराला ते स्वतः काय म्हणतात, असा एक प्रश्न कुणी विचारल्याचे मला आढळले नाही. उलट उंची मीटरांत दिलेली, अक्षांश-रेखांश दशांशांपर्यंत दिलेले. वैमानिकाविषयीचा शेरा आठवावा: भूप्रदेशाशी परिचय नसणे. त्याच्याकडे निदान अंधार आणि पाऊस ही सबब होती.

दुसरी गोष्ट उचलून आणण्याची. याबाबत जगात इतरत्र काय घडते ते पाहण्यासारखे आहे. एअर इंडियाची दोन विमाने माँ ब्लाँवर कोसळली: १९५० साली 'मलबार प्रिन्सेस', १९६६ साली 'कांचनजंगा'. दुसऱ्या विमानात होमी भाभा होते. तिथली हिमनदी आजही थोडेथोडे परत करते. २०१३ साली एका तरुण गिर्यारोहकाला तिथे पाचू-नीलम भरलेली पेटी सापडली. त्याने ती पोलिसांत जमा केली. आठ वर्षांनी, २०२१ साली, कायदेशीर मार्गाने निम्मा वाटा त्याला मिळाला. इंग्लंडमध्ये ब्लीकलो नावाच्या माळावर ३ नोव्हेंबर १९४८ रोजी एक अमेरिकी बी-२९ पडले, १३ जण गेले. त्याचे अवशेष आजही उघड्यावर आहेत, लोक चालत जातात, पाहतात, परततात. लष्करी विमानांच्या अशा अवशेषांना तिथे १९८६ पासून कायद्याचे संरक्षण आहे. आपले विमान नागरी आणि आपल्याकडे कायदा नाही, हे खरे. म्हणून तर सभ्यतेची जबाबदारी जाणाऱ्यावर येते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ६२ साली पडलेल्या धातूतला बराचसा केव्हाच भंगारात गेला असेल. मग एक पत्रा ट्रेकवाल्याने आणला तर एवढा गहजब कशाला? भिवंडीत राहणाऱ्याला भंगाराविषयी उपदेश करायची गरज नाही. या गावात यंत्रमागच वजनावर विकले गेले आहेत. आणि डोंगरातल्या एखाद्या कुटुंबाने त्या काळी पत्रा विकून चार दिवसांचे धान्य आणले असेल, तर त्याला दोष देणारा मी कोण? पण गरज आणि हौस यांत फरक आहे. ज्याने पोटासाठी विकले त्याने त्या वस्तूला वस्तू मानले. तो खोटे बोलला नाही. काचेच्या कपाटात पत्रा मांडून त्याला 'इतिहास' म्हणणारा मात्र इतिहासाचाच पुरावा नाहीसा करून आलेला असतो.

हे मला त्या विद्यार्थ्याकडूनच कळले. त्याच्या वडिलांचे सहा माग होते; मंदीत तेही काट्यावर चढले. मी त्याला विचारले, हा पत्रा त्याच विमानाचा कशावरून? तो गप्प झाला. मग म्हणाला, "सर, आमच्या शेडमधला तुटका धोटा जरी तुम्ही आणून दिलात तरी तो कुठल्या कोपऱ्यात पडला होता हे कळलं तर कुठल्या मागाचा ते मी सांगेन. नुसता हातात दिलात तर नाही सांगता येणार." आमच्या अभ्यासक्रमात पाठचिकित्सेवर जी व्याख्याने होतात त्यांचा सारांश याहून नेटका मी आजवर दिलेला नाही. पोथी कुठे मिळाली, कुणाच्या घरची, कुठल्या प्रतीवरून उतरलेली, हे गेले की पाठभेदाला काडीची किंमत राहत नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे. जावे, जरूर जावे. उचलू नये. जिथे जे दिसले त्याची नोंद करावी. आणि वर चढण्याआधी खाली बसावे, कारण खरे अवशेष वाडीत आहेत आणि ते झपाट्याने संपत चालले आहेत. १९६२ साली दहा-बारा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. घाटकोपरच्या बाबतीत तर आपण जवळजवळ उशीरच केला. १२ जुलै १९४९ रोजी केएलएमचे 'फ्रानेकर' तिथल्या टेकडीवर आदळले. ४५ जण गेले, त्यांत इंडोनेशियाहून परतणारे १३ अमेरिकी पत्रकार होते. आज त्या टेकड्यांवर दाट वस्ती आहे. ती घटना आठवणारे कुणी असेलच तर ते नव्वदीकडे झुकले असणार. तिथे कुणी गेले होते काय? आमच्या विद्यापीठीय मराठी विभागांतून दरवर्षी प्रकल्पांचे ढीग निघतात, त्यांतले किती त्याच चार कादंबऱ्यांवरचे असतात हे आपण सारे जाणतो. एका विद्यार्थ्याला एका वाडीत आठ दिवस पाठवणे आपल्याला जड का जावे? पुराव्याला शंभर वर्षे होण्याची वाट कायदा पाहू शकतो. माणसे पाहू शकत नाहीत.

असो. तो विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा गेला, या वेळी एकटा, वही घेऊन. पत्रा परत नेऊन ठेवण्याची त्याची इच्छा होती. पण मुळात तो कुठून उचलला हे त्याला निश्चित सांगता येईना, आणि चुकीच्या जागी ठेवणे म्हणजे आणखी एक खोटा पुरावा निर्माण करणे. म्हणून पत्रा विभागाच्या कपाटात आहे. त्याला त्याने स्वतःच्या अक्षरांत एक चिठ्ठी बांधली आहे: 'विमानाचा असावा. सापडल्याची जागा: नोंद केली नाही.'

वहीत मात्र तीन म्हाताऱ्या माणसांचे बोलणे आहे. त्या डोंगराचे नाव तिघांनी तीन तऱ्हेने घेतले आहे.